ग्राफिक्स कार्डाचे अंतरंग



१९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रार्पण झालेल्या कागद गिरणीमुळे नेपानगरवासीयांना यंत्रांचा परिचय नवा नाही. यंत्राचे मोल बाह्यरूपावर ठरत नाही, हे आपण जाणताच. संगणकातील ग्राफिक्स कार्डालाही हाच न्याय लागू पडतो.

२०२२ साली बाजारात आलेले ‘आरटीएक्स ४०९०’ हे उच्च श्रेणीचे कार्ड उघडल्यास प्रथम पंखे व धातूच्या पातळ पत्र्यांची चळत दिसते. तिच्याखाली टपाल तिकिटाएवढी सिलिकॉनची चिप असते. तीत ७,६०० कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर सामावलेले आहेत. सभोवती २४ गिगाबाइट स्मृतीच्या चिपा, आणि १२ व्होल्टची वीज सुमारे १ व्होल्टवर आणणारे घटक. हे कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज घेते व तिची उष्णता होते. म्हणूनच पंख्यांचा एवढा पसारा!

पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणकही २०२० साली याच जातीच्या चिपांच्या बळावर उभा राहिला.

तेव्हा मुलांसाठी गाठीची पुंजी खर्चण्यापूर्वी रंगीत दिव्यांना भुलू नका. स्मृती किती, वीजपुरवठ्याची क्षमता पुरेशी आहे काय, पेटीत हवा खेळते काय, हे पाहा. वीज अपुरी पडल्यास महागडे कार्डही ऐन कामात संगणक बंद पाडते.