गाण्याखालची नावं वाचा

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



मला आज विषय दिला आहे तो असा: नवे स्वतंत्र बँड, त्यांची गाणी आणि त्या गाण्यांमागच्या गोष्टी. या अभ्यासवर्गात याआधी आरक्षण, फेलोशिप, संविधान असे विषय झाले. त्या रांगेत गाणं हा विषय काहींना हलका वाटेल. मला तो हलका वाटत नाही. का, ते आधी सांगते.

मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. वाद सुरू झाला तो त्याच्या मोबाइलच्या रिंगटोनवरून. रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती. आपल्या देशात माणूस काय ऐकतो यावरून तो कोण आहे हे ओळखलं जातं आणि त्या ओळखीची किंमत वसूल केली जाते. ऑफिसच्या कॅबमध्ये भीमगीत ऐकताना हेडफोन घट्ट बसला आहे ना, हे तुमच्यापैकी किती जण दोनदा तपासतात, ते मी विचारणार नाही. मी तपासते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पदवी पहिल्यांदाच आली आहे. गाणं मात्र फार आधीपासून आहे. सत्यशोधकांचे जलसे झाले, त्यातूनच पुढे आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डकांसारख्या मंडळींनी गावोगाव फिरून, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत चळवळ पोचवली. मग वामनदादा कर्डक आले. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मले, २००४ साली गेले, आणि मधल्या काळात हजारो गाणी लिहून ठेवली. माझे वडील एका गायन पार्टीत कोरसला होते. ते सांगायचे, "शेवटचं कडवं नीट ऐक. त्यात 'वामन' आला की समजायचं गाणं कुणाचं आहे."

लहानपणी मला ती कवितेची रीत वाटायची. आज तिचा वेगळा अर्थ लागतो. आमच्या घरातल्या कॅसेटींवर गायकाचा मोठा फोटो असायचा, कंपनीचं नाव असायचं. गीतकाराचं नाव असलं तर बारीक अक्षरात, नाहीतर नाहीच. पण गाण्याच्या आतच विणलेलं नाव कोण काढणार? काढलं तर चाल मोडते, यमक मोडतं. ज्याच्याकडे वकील नव्हता, करारपत्र नव्हतं, त्या कवीने आपलं नाव गाण्याच्या पोटात सांभाळून ठेवलं.

हा धागा धरून मी तुम्हाला चेन्नईला नेते.

विद्यापीठात माझी रूममेट तामिळनाडूची होती. ती ज्या बँडची गाणी लावायची त्याचं नाव 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'. मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. पण मध्येच "जय भीम" ऐकू आलं आणि मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ जाऊन बसले. त्यानंतर ती एकेक गाणं थांबवून थांबवून मला समजावत गेली.

हा बँड २०१७ साली दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी उभा केला. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईच्या किल्पॉक भागात त्याचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा मंचावर एकोणीस जण होते. गाना गाणारे, रॅप करणारे, गिटार वाजवणारे आणि परई वाजवणारे एकाच ओळीत. गाणी कशावर? आरक्षणावर, बीफवर, जातीच्या नावाने होणाऱ्या खुनांवर.

'जातीविहीन' हे नाव त्यांनी हवेतून आणलेलं नाही. पंडित अयोथी दास हे नाव आपल्याकडे अजून पुरेसं पोचलेलं नाही. १८४५ ते १९१४ हा त्यांचा काळ. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ साठ वर्षं आधी त्यांनी मद्रास प्रांतात बौद्ध धम्माकडे वाट काढली, १९०७ पासून 'तमिळन' हे साप्ताहिक चालवलं आणि अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या आपल्या लोकांना सांगितलं की तुम्ही 'जाती नसलेले तमिळ' आहात. शंभर वर्षांनी पोरांनी तोच शब्द उचलला आणि बँडला लावला. गाण्यामागची गोष्ट म्हणतात ती अशी असते. एका नावामागे अख्खी विचारपरंपरा उभी असते, आणि नाव विचारल्याशिवाय ती दिसत नाही.

परईचंही तसंच. हे कातड्याचं, काठीने वाजवायचं वाद्य. गावात मयत झाली की परई वाजवणं हे एका समाजावर लादलेलं काम. त्या समाजाचं नावच या वाद्यावरून पडलं, आणि ते नाव पुढे इंग्रजीत 'परायाह' म्हणजे 'बहिष्कृत' या अर्थाने गेलं. आपल्याकडे हलगीचं काय झालं ते आठवा. वाजवणाऱ्याला गावाबाहेर ठेवायचं आणि मिरवणूक मात्र त्याच्याशिवाय हलू द्यायची नाही. या बँडने परई मयतीच्या दारातून उचलली आणि इलेक्ट्रिक गिटारच्या शेजारी ठेवली. 'गाना' हा प्रकारही उत्तर चेन्नईच्या कष्टकरी वस्त्यांतला, मयताच्या घरी रात्रभर गायचा. तो बहुतेक पुरुषच गात. या बँडमधली इसैवाणी ती चौकट ओलांडून गाना गाते. २०२० साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत तिचं नाव घेतलं.

चेन्नईत डिसेंबरला मारगळी महिना लागला की कर्नाटक संगीताच्या सभा भरतात. तिथे कोण गातं आणि पहिल्या रांगेत कोण बसतं, हे मी वेगळं सांगायला नको. २०२० च्या डिसेंबरात रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरने त्याच महिन्यात 'मारगळीयिल मक्कलिसै' सुरू केलं, म्हणजे मारगळीतलं लोकांचं संगीत. महिना तोच ठेवला, मंचावरची माणसं बदलली.

आता याच बँडमधून पुढे आलेल्या अरिवूकडे येते. हा अरक्कोणमचा मुलगा. इंजिनिअरिंग केलं, एमबीए केलं आणि मग रॅपर झाला. 'काला' सिनेमातलं हक्क परत मिळवण्याचं गाणं त्याने लिहिलं. त्याच 'काला'मध्ये धारावीचा 'डोपअडेलिक्स' हा हिप-हॉप गटही आहे. मुंबईतल्या तमिळ वस्तीचा आवाज असा चेन्नईच्या सिनेमात पोचला.

मार्च २०२१ मध्ये अरिवू आणि गायिका धी यांचं 'एन्जॉय एन्जामी' आलं. निर्मिती संतोष नारायणन यांची. यूट्यूबवर ते चाळीस कोटींहून जास्त वेळा पाहिलं गेलं. लग्नात वाजलं, रील्समध्ये वाजलं. माझ्या ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमातही त्यावर नाच झाला. नाचणाऱ्यांना ते निसर्गावरचं गोड गाणं वाटत होतं.

अरिवूने ते कुठून आणलं? त्याची आजी वल्लियम्मा. इंग्रजांनी तमिळ मजूर सिलोनच्या मळ्यांत नेले, आधी कॉफीच्या आणि मग चहाच्या. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ती जमीन कसली. १९४८ साली सिलोन स्वतंत्र झालं आणि नव्या नागरिकत्व कायद्याने यांतल्या बहुसंख्य लोकांना कुठल्याच देशाचं ठेवलं नाही. १९६४ साली शास्त्री–सिरिमावो करार झाला आणि सव्वापाच लाख माणसं भारताच्या वाट्याला आली, जशी वाटणीत भांडी येतात. अरिवूचं घराणं त्या परत आलेल्या भूमिहीनांतलं. 'एन्जामी' म्हणजे 'माझा स्वामी'. मजुराने जमीनदाराला मारायची ती हाक. आजी मात्र तीच हाक नातवाला लाडाने मारते. मालकाचा शब्द तिने घरात आणला आणि लेकराला दिला. मयतावर रडताना म्हणतात ती ओप्पारी, म्हणजे विलापाची गाणी, हीसुद्धा या गाण्यात मुरलेली आहेत. ज्यांनी झाडं लावली त्यांना सावली मिळाली नाही, हे त्यात आहे.

पुढे काय झालं तेही ऐका. ऑगस्ट २०२१ मध्ये एका नामांकित संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर या गाण्याच्या निमित्ताने चेहरे झळकले. त्यात अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतल्यावर त्या मासिकाने अरिवूचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ काढलं. जुलै २०२२ मध्ये चेन्नईत बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणं सादर झालं, तेव्हाही मंचावर अरिवू नव्हता. त्याने समाजमाध्यमावर लिहिलं की हे गाणं आपण लिहिलं, त्याला चाल दिली, त्यासाठी रात्री जागलो. धी आणि संतोष नारायणन यांनी निवेदनं काढली, आपण त्याचं श्रेय कधी नाकारलेलं नाही असं सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तर संतोष नारायणन यांनीच जाहीर केलं की या गाण्यातून तोवर त्या तिघांपैकी कुणालाही एक पैसा मिळालेला नाही.

कोण खरं, कोण खोटं, याचा निवाडा करायला मी उभी नाही. पण चाळीस कोटी वेळा ऐकलं गेलेलं गाणं, आणि ज्याच्या आजीची ती गोष्ट आहे त्याला "ते मी लिहिलं" असं हात वर करून सांगावं लागतं, हे तुम्हाला ओळखीचं वाटतं की नाही? ग्रुप प्रोजेक्टमध्ये रात्रभर जागणारा एक आणि माइकवर फाडफाड इंग्रजीत मांडणारा दुसरा, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून थोडं कायद्याचं सांगते. प्रत्येक गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल. ती गीतकाराची आणि संगीतकाराची. दुसरी म्हणजे रेकॉर्डिंग; ती बहुधा पैसे घालणाऱ्या कंपनीची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गाणं कंपनीला दिलं तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून काढून घेता येत नाही. तो वारसांना देता येतो किंवा कॉपीराइट सोसायटीला. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही १९६९ पासूनची तशी संस्था आहे. गीतकार आणि संगीतकार तिचे सदस्य होतात. तुमच्या वस्तीत कुणी भीमगीत लिहून यूट्यूबवाल्या कंपनीला दोन हजारांत देत असेल, तर तो कागद सही करण्याआधी तुम्ही वाचा. घरातला पहिला पदवीधर म्हणून एवढं काम आपलंच आहे. आणि गाणं पहिल्यांदा टाकतानाच गीतकार, संगीतकार, वादक सगळ्यांची नावं भरा. वामनदादांनी नाव कडव्यात विणलं; आपल्याला ते रकान्यातही लिहायचं आहे.

मग नवी गाणी सापडणार कशी? ॲपवर विसंबू नका. तुम्ही काल जे ऐकलं आणि तुमच्यासारखे लोक जे ऐकतात, तेच ॲप पुढे ढकलतं. भाषा 'मराठी, हिंदी' निवडली की तमिळ, पंजाबी, ओडिया समोर येणं कठीण. मी उलट्या बाजूने जाते. एक गाणं आवडलं की त्याच्याखालची सगळी नावं वाचते. ढोलकी कुणाची, शब्द कुणाचे. त्यांतलं एक नाव धरून पुढे जाते आणि त्या भाषेचा माणूस गाठून अर्थ विचारते.

असंच जालंधरची गिन्नी माही सापडली. कॉलेजात एका मुलीने तिची जात विचारली आणि उत्तर ऐकून म्हणाली, चमार तर डेंजर असतात. त्यातून 'डेंजर चमार' हे गाणं झालं; ज्या शब्दाने खाली पाहायला लावायचं, तोच शब्द तिने माइकवर ताठ मानेने म्हटला. ओडिशातल्या कोरापूटचा सुमीत सामोस सापडला. त्याने जेएनयूत स्पॅनिश शिकता शिकता रॅप केलं आणि २०२१ साली लोकवर्गणीतून ऑक्सफर्ड गाठलं. मुंबईच्या 'स्वदेसी'चं 'द वारली रिव्होल्ट' सापडलं. त्यात आरेच्या पाड्यातले प्रकाश भोईर गातात, आणि नाव १९४५ च्या वारल्यांच्या उठावाची आठवण देतं. ते गाणं २०१९ चं, म्हणजे आरेत एका रात्रीत झाडांवर करवती चालल्या त्याच वर्षीचं. मुंबईतच कबीर शाक्य यांचा 'धम्म विंग्ज' आहे, बुद्ध आणि बाबासाहेब रॉकमध्ये गाणारा.

ही पोरं एकमेकांची भाषा जाणत नाहीत. तरी चेन्नईचं गाणं जालंधरच्या गाण्याला उत्तर देतं असं मला वाटतं. त्यांच्यातला दुवा कोणी व्हायचा? आपल्यासारख्यांनी, जे शिकायला आणि नोकरीला दुसऱ्या राज्यात आले आणि ज्यांच्या रूममेटची भाषा वेगळी आहे.

पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. प्रत्येकाने दुसऱ्या भाषेतलं एक गाणं आणायचं. सोबत एका कागदावर चार ओळी: कुणी लिहिलं, कुणी चाल दिली, कुणी वाजवलं, आणि कोणत्या गोष्टीतून ते आलं. आणि घरी फोन कराल तेव्हा आईला, आजीला विचारा की शेतात, जात्यावर, मोर्च्यात ती काय गायची. तिने सांगितलं की लगेच लिहून घ्या. वर तिचं पूर्ण नाव घाला, गावासकट.

जय भीम.