तृतीयपंथी व्यक्ती आणि कुमारवयीन विद्यार्थी
(जेऊर, ता. करमाळा, येथील शिक्षण परिषदेतील भाषण)



जेऊर हे रेल्वेचे गाव. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरील मुलांचे स्टेशनावर, एस.टी.च्या थांब्यावर, बाजारात जाणेयेणे असते. तेथे तृतीयपंथी व्यक्ती दिसली म्हणजे सातवी-आठवीची मुले कशी वागतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एकटा मुलगा मान खाली घालून बाजूला सरतो. तोच चौघांत असला की टाळीची नक्कल करतो, टोपणनाव घेऊन ओरडतो, आणि सोबती हसले की त्यास मोठा पराक्रम केल्यासारखे वाटते. काही मुले-मुली भितात. ‘शाप लागतो’ हे त्यांनी घरीच ऐकलेले असते.

या वागण्यास नुसता उद्धटपणा म्हणून सोडून देणे बरोबर नाही. या वयात आवाज फुटतो, शरीर बदलते, आणि आपण चारचौघांसारखे आहोत ना, ही धास्ती मुलाच्या मनात घर करते. निराळ्या दिसणाऱ्या माणसाला हसून तो आपले सारखेपण सिद्ध करू पाहतो. म्हणूनच स्टेशनावर उच्चारलेला शब्द दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर येतो, आणि ज्याचे बोलणे मऊ आहे, ज्यास कबड्डीपेक्षा रांगोळी आवडते, अशा वर्गमित्रास चिकटतो. खरी हानी येथे होते. तो मुलगा सुट्टीत एकटा बसतो, मग शाळा चुकवू लागतो, आणि शेवटी शाळेला मुकतो.

2011 च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात 4,87,803 व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी 54,854 ही सहा वर्षांपर्यंतची बालके होती. या गटाची साक्षरता शेकडा 56, तर सर्व देशाची शेकडा 74 होती. या अंतराचा विचार शाळेने नाही करावयाचा तर कोणी? घर तुटले, शाळा सुटली आणि कोणी काम दिले नाही, म्हणजे मागून खाण्यावाचून पुष्कळांपुढे मार्ग उरत नाही. मुलांनी हसण्यापूर्वी हे कारण समजून घेतले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथी व्यक्तींचे नागरिक म्हणून असलेले हक्क मान्य केले. 2019 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत त्यांच्याशी भेदभाव करण्यास मनाई केली. परंतु कायद्याहून बोलके उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. 2017 साली माळशिरस तालुक्यातील तरंगफळ या गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीस सरपंच म्हणून निवडून दिले. ज्याच्याकडे गावाचे काम पडते, ज्याला सारे नावाने ओळखतात, त्याच्यामागे टाळ्या पिटण्याचे मुलांस सहसा सुचत नाही. ओळख झाली की भय आणि थट्टा दोन्ही ओसरतात.

शिक्षकांनी काय करावे? मुलाने विचारलेला प्रश्न दाबू नये. ‘काही माणसांचे मन आणि शरीर यांचा मेळ आपल्यासारखा नसतो, तो त्यांचा दोष नव्हे,’ एवढे उत्तर पुरेसे आहे. विराटाच्या राजवाड्यात उत्तरेस नृत्य शिकविणाऱ्या बृहन्नडेची कथा मुलांस ठाऊक असते. तिचा मान कोणी ठेवला, हे त्यांना विचारावे. पैसे द्यावयाचे नसल्यास नम्रपणे ‘नाही’ म्हणावे, हेही शिकवावे. नकार देणे वेगळे आणि अपमान करणे वेगळे. वर्गात कोणी ते शब्द शिवीसारखे वापरले, तर त्याच क्षणी थांबवावे, पण ज्याच्यावर ते फेकले गेले त्यास सर्वांसमोर उभे करू नये. स्नेहसंमेलनात अशा व्यक्तींच्या नकलेवर हशा पिकविणारे प्रवेश घेऊ नयेत. आणि मुख्य म्हणजे शिक्षकांच्या खोलीतील विनोदही आवरावेत, कारण भिंतीपलीकडे मुले ऐकत असतात.

पटावरील एखादे मूल आपले वेगळेपण मनात दडवून रोज हजेरीस ‘उपस्थित’ म्हणत असेल. ते कोण, हे हुडकण्याची शिक्षकास गरज नाही. ते उद्याही शाळेत येईल, एवढे पाहणे हे शिक्षकाचे काम आहे.