बालकथेंतील काळ

‘एक राजा होता’ असें म्हटल्याबरोबर मूल सरसावून बसतें. त्या ‘होता’मध्यें एक अभय दडलेलें असतें. संकट येईल खरें. परंतु तें केव्हांच होऊन गेलें आहे आणि सांगणारा सुखरूप पुढ्यांत बसला आहे. ‘राजा अरण्यांत जातो’ असें म्हणतांच तें अभय नाहींसें होतें.

म्हणूनच जाणता कथेकरी वर्तमानकाळ मिठासारखा बेतानें वापरतो. गोष्ट भूतकाळांत चालते. ऐन क्षण आला कीं, ‘राजा दार उघडतो, तों समोर वाघ!’ वाघ गेला कीं पुन्हां भूतकाळ. सबंध गोष्टच वर्तमानकाळांत लिहिली तर या धक्क्याला जागा उरत नाहीं. शिवाय मराठी भूतकाळ एकरंगी नाहीं. ‘आई उठली’ ही एका दिवसाची हकीकत. ‘आई पहाटे उठे’ यांत वर्षानुवर्षांचा परिपाठ येतो.

साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकांत या निवडीचें मोल दिसतें. मोठा झालेला श्याम रोज रात्रीं आश्रमांतील मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. आई आतां नाहीं, हें त्याच्या क्रियापदांतूनच उमगतें. वाचणारें मूल रडतें. परंतु तेंच दुःख सोसून मोठा झालेला श्याम त्याच्या सोबतीला असतो.

तेव्हां बालकथा लिहिणारानें काळ निवडतांना एवढेंच पाहावें: या प्रसंगीं मुलाचा हात धरावयाचा आहे, कीं क्षणभर सोडावयाचा?