वाटणीनंतरचे पत्र

चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात आज तमिळनाडू शासनाचे सचिवालय आहे. कामानिमित्त तेथे जाताना मला एक जुनी नोंद आठवते. मे १६७७ मध्ये कर्नाटकाच्या स्वारीवर असलेल्या शिवाजी महाराजांनी या किल्ल्यातील इंग्रजांकडे काही औषधे आणि विषावरचे उतारे मागविले होते. इंग्रजांनी मोल न घेता ते पाठविले. विषावरचा उतारा असा परक्यांकडून मिळाला. भाऊबंदकीवरचा मात्र महाराजांना स्वतःच शोधावा लागला.

तंजावरचे व्यंकोजीराजे हे त्यांचे सावत्र धाकटे बंधू. शहाजीराजे १६६४ मध्ये निवर्तले. त्यांच्या दौलतीत महाराज अर्धा वाटा मागत होते. जुलै महिन्यात कोळ्ळिडम नदीकाठी, तिरुमळवाडीस दोघे भेटले. पण व्यंकोजी मनात शंका धरून एका रात्री नदीपार निघून गेले. नोव्हेंबरात त्यांनी महाराजांच्या फौजेवर हल्ला केला आणि त्यात ते हरले.

त्यानंतर महाराजांनी धाकट्या भावास पत्र लिहिले. तेरा वर्षे वडिलांच्या दौलतीचा उपभोग तुम्हीच घेतलात, ही तक्रार त्यात आहे. पण जिंकल्याचा आनंद नाही, घरात कलह माजल्याची खंत आहे. पुढे व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांच्या सल्ल्याने तह झाला. तंजावर व्यंकोजींकडे राहिले आणि बंगळूरचा मुलूख महाराजांनी भावजयीला चोळी-बांगडीसाठी दिला.

कागदोपत्री प्रकरण येथे मिटले. आम्हां सरकारी माणसांच्या भाषेत, फाइल बंद झाली. परंतु पराभवाने खचलेले व्यंकोजी उदास झाले, राज्यकारभारातून त्यांचे मन उडाले. हे कानी येताच महाराजांनी पुन्हा पत्र लिहिले. ही वेळ वैराग्याची नव्हे, पराक्रमाची आहे. आम्ही पाठीशी असता चिंता कसली, तुमचे पुरुषार्थ आम्हांस ऐकू द्या, असा त्याचा आशय आहे. त्यात ना वाट्याचा उल्लेख, ना जुन्या लढाईचा टोमणा. एप्रिल १६८० मध्ये महाराज गेले. हे पत्र त्यांच्या अखेरच्या काळातले.

पहिले पत्र हक्काचे होते. तसे पत्र कोणताही वारसदार लिहील. दुसरे लिहावयास थोरलेपण लागते. माझ्या घरच्या पेटीत वाटणीचे कागद व्यवस्थित बांधून ठेवलेले आहेत. आपल्याही घरी असतील. वाटणी झाल्यानंतर भावाने भावाला लिहिलेले पत्र त्यांत आहे का, हे मात्र एकदा पाहावे. नसेल, तर ते लिहावयास अजून उशीर झालेला नाही.