‘फॉरेस्ट’ या शब्दाची कुळकथा



कर्जत-खालापुराकडे डोंगराच्या कडेने ज्या अनेक ठाकुरवाड्या आहेत, त्यांत एक इंग्रजी शब्द इतका खोल रुजला आहे की तो परका आहे याची कोणास आठवणही राहिलेली नाही. तो शब्द ‘फारेस्ट’. फारेस्ट आला, म्हणजे वनरक्षक आला. जागा फारेस्टात गेली, म्हणजे ती सरकारकडे लागली. झाडांना मात्र तेथे कोणी फारेस्ट म्हणत नाही. झाडे असतात ती रानात. शिकलेल्या माणसांना हा अपभ्रंश वाटतो. आमचे म्हणणे असे की, शब्दाचा मूळ अर्थ ठाकरांनीच बरोबर धरला आहे.

लॅटिनमध्ये ‘फोरिस’ म्हणजे बाहेर, दाराबाहेर. आपले ‘द्वार’ आणि ‘दार’ त्याच कुळातले. बहुतेक कोशकार ‘फॉरेस्ट’ या ‘फोरिस’पासून काढतात, म्हणजे ‘फॉरिन’ हा त्याचा भाऊबंदच ठरतो. राजाने स्वतःच्या शिकारीसाठी रयतेच्या वापराबाहेर काढलेली भूमी, ती फॉरेस्ट. 1066 नंतर नॉर्मन राजांनी हा शब्द व त्याबरोबरचा कडक कायदा इंग्लंडात नेला. त्या हद्दीत गावे, शेते, माळ असे सारेच येई. स्कॉटलंडात हरणांच्या शिकारीच्या उघड्याबोडक्या डोंगरांना आजही फॉरेस्टच म्हणतात! तेथील प्रजेने हे मुकाट्याने सोसले नाही. 1217 साली राजाला वनांची सनद द्यावी लागली आणि चराई-सरपणाचे काही हक्क लोकांना परत मिळाले.

ती सनद काही बोटीतून इकडे आली नाही. आला तो शब्द, आणि त्यामागोमाग खाते. 1864 साली वनखाते निघाले, 1878 साली कायदा झाला. भातरोपासाठी टहाळ तोडून राब भाजण्यावरून ठाणे-कुलाब्यात एवढी ओरड झाली की 1885 साली मुंबई सरकारला चौकशी मंडळ नेमावे लागले. पुढच्या 1927 च्या कायद्यात झाड म्हणजे काय, इमारती लाकूड म्हणजे काय, याच्या व्याख्या आहेत. गुरांच्या व्याख्येत तर हत्तीसुद्धा आहे. नाही ती फक्त फॉरेस्टची! सरकार राजपत्रात म्हणेल ते फॉरेस्ट. म्हणजे अर्थ पुन्हा तोच, नॉर्मन राजांचा.

12 डिसेंबर 1996 रोजी, गोदावर्मन खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा. आणि सरकारदप्तरी ज्याची तशी नोंद आहे तेही, मालक कोणी असो, त्यात धरावे. झाडांचे यात पुष्कळ भले झाले. पण एका शब्दात झाडांचा अर्थ आणि दप्तराचा अर्थ असे दोन्ही एकत्र बसले, हेही खरे. 2023 च्या दुरुस्तीने तो वाद पुन्हा न्यायालयात नेला आहे.

दोष एकट्या इंग्रजीचा नव्हे. आपले ‘अरण्य’ हेही ‘अरण’ म्हणजे दूरचे, परके, यावरून आलेले. गावात बसून नाव ठेवणाराला रान परकेच दिसायचे. परंतु ‘अरण्या’चे मराठीत ‘रान’ झाले आणि त्यातला परकेपणा पार गळून गेला. घाटावरचा शेतकरी शेतावर निघाला तरी ‘रानात जातो’ म्हणतो. ठाकराच्या रानात तर नाचणी-वरीची दळी, पावसाच्या तोंडाची शेवळे, कंद आणि सरपण हे सारे एकाच ठिकाणी. शेत कोठे संपले व जंगल कोठे सुरू झाले, हा प्रश्न त्याच्या शब्दात उद्भवतच नाही; तो नकाशात उद्भवतो.

2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आदिवासी कसत असलेल्या जमिनीवर, 4 हेक्टरांपर्यंत, हक्क मागता येतो. त्याच्या नियमांत दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालते. आता निवेदन देणारा म्हातारा ‘रान’ म्हणतो, ‘दळी’ म्हणतो, आणि लिहून घेणारा सर्वत्र ‘वनजमीन’ लिहितो. आपणांपैकी ज्यांच्यावर असे लिहून घेण्याची वेळ येईल, त्यांनी म्हाताऱ्याचा शब्द आधी जसाच्या तसा उतरवावा आणि सरकारी शब्द त्याच्याखाली लिहावा.