समुद्र निळो असता



गेल्या महिन्यात माझ्या सात वर्षांच्या मुलीने समुद्राचं चित्र काढलं आणि अख्खा समुद्र करड्या रंगाने रंगवला. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अगो बाय, समुद्र निळो असता." मुलगी म्हणाली, "आजी, इथला नसतो."

मी गप्प बसले. वेंगुर्ल्याला शाळेत आम्हीही समुद्र निळाच रंगवायचो. प्रत्यक्षात पाऊस लागला की खाडीचं पाणी चिऱ्याची माती घेऊन यायचं आणि किनाऱ्याजवळचा समुद्र तांबडा व्हायचा. (भूगोलातला तांबडा समुद्र वेगळा!) तो रंग आमच्या कुणाच्याच वहीत आला नाही.

तेव्हापासून मला पॅट्रिक हेरन या चित्रकाराची आठवण येतेय. जन्म १९२० चा, लीड्सचा. पाच वर्षांचे असताना वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब कॉर्नवॉलला आलं. वडील तिथल्या रेशमी कापडाच्या धंद्यात होते. त्या काळात झेनर गावाजवळच्या कड्यावर, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या 'ईगल्स नेस्ट' या घरात ते काही महिने राहिले. १९२९ मध्ये कॉर्नवॉल सुटलं. म्हणजे जेमतेम चार वर्षं! पुढे ते लंडनला राहायचे आणि उन्हाळ्यात सेंट आइव्ह्जला जायचे, आपण सुट्टीत गावी जातो तसे.

१९५६ मध्ये ते त्याच लहानपणच्या घरी परतले. ते राहायला गेले तेव्हा बागेत अझेलिया आणि कॅमेलिया फुलले होते. तोवर त्यांच्या चित्रांत माणसं, टेबलं, खिडक्या असायच्या. रंग असायचे, पण रेषेच्या धाकात. आता रेषाच गेली. 'अझेलिया गार्डन: मे १९५६' या चित्रात नुसते रंगाचे फटकारे आहेत. वर्षभरात आडवे पट्टे आले, लाल, नारिंगी, जांभळे. बघणाऱ्याला त्यात क्षितिज दिसतं. हेरन मात्र लिहीत राहिले की चित्राचा विषय रंग हाच.

बालपणामुळेच हे घडलं असं छातीठोकपणे नाही म्हणता येणार. त्याच वर्षी टेट गॅलरीत अमेरिकन चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं होतं आणि त्याचाही त्यांच्यावर परिणाम झाला. पण प्रदर्शन तर लंडनच्या कितीतरी चित्रकारांनी पाहिलं. ते पाहून आल्यावर लहानपणच्या घराची खिडकी उघडायला मिळाली, ती हेरन यांना. १९९९ मध्ये त्यांचं निधन झालं तेही याच घरात.

आमचं वेंगुर्ल्याचं घर जानेवारीत विकलं. आई आता भावाकडे पुण्याला असते. कागदांवर सही करून परत आले, त्याच आठवड्यात मी स्वयंपाकघराची एक भिंत रंगवून घेतली. दुकानात तासभर रंगांची कार्डं चाळली, आणि निवडला तो विटकरीच्याही जरा पुढचा, काळपट तांबडा. नवरा म्हणाला, "हा कसला रंग?" मला सांगता आलं नाही. मुलीचं चित्र त्याच भिंतीवर लावायला गेले, तेव्हा कळलं. चिऱ्याचा रंग तो, ओल्या चिऱ्याचा.

सेंट आइव्ह्जच्या टेट गॅलरीत हेरन यांनी केलेली रंगीत काचांची भलीमोठी खिडकी आहे. गॅलरीसमोरच पोर्थमीअरचा किनारा आहे. हाफ टर्मला आम्ही तिकडे जातोय. तुम्ही गेलात तर पोरांबरोबर रंगपेटी द्या. आणि ती समुद्र कुठल्याही रंगाचा काढोत, आजीला फोन लावण्याआधी एकदा त्यांच्या शेजारी उभं राहून तो समुद्र बघा.

आमच्या आईला मी अजून भिंत दाखवलेली नाही.