भूल देण्याआधी श्वासाची वाट
(किनवट येथील सहायक मेळाव्यात भूलतज्ज्ञांनी केलेले भाषण)



“घशातली एवढीशी गाठ, मग नांदेडला कशाला पाठवता? इथेच काढा ना!” असे वाड्या-पोडांवरचे नातेवाईक विचारतात. त्याचे उत्तर तुमच्यापाशीही असावे, म्हणून हे बोलतो.

पूर्ण भूल दिली की रोग्याचा स्वतःचा श्वास मंदावतो किंवा थांबतो. मग श्वासनलिकेत नळी घालून आम्ही श्वास देतो. घशाच्या शस्त्रक्रियेत सर्जनलाही तीच जागा हवी असते, आणि गाठीने ती आधीच अरुंद झालेली असते. नळी जाईना, मास्कनेही हवा जाईना, तर काही मिनिटांतच मेंदूला इजा होते.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे : खर्रा. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. म्हणून रोग्याला आम्ही त्याचीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगतो. ती जात नसतील, तर आधी झोपवून मग वाट शोधणे धोक्याचे.

अशा वेळी रोग्याला जागे ठेवूनच नळी घालतात. 1878 साली ग्लासगोच्या विल्यम मॅकइवेन यांनी जिभेच्या मुळाशी गाठ असलेल्या रोग्याला क्लोरोफॉर्म देण्याआधी, बोटाने चाचपून तोंडातून नळी घातली होती. आज घसा बधिर करून नाकातून बारीक, लवचीक दुर्बीण नेतात आणि तिच्यावरून नळी सरकवतात. तेही जमणार नसेल, तर गळ्याशी छेद घेऊन वाट करण्याची तयारी आधीच ठेवावी लागते. शस्त्रक्रियेनंतर सूज येऊ शकते, म्हणून अतिदक्षता विभागही हवा.

ही सगळी सोय असेल तिथेच रोग्याला न्यायचे. शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास, सोबतच्या माणसाचे जेवण, बुडालेली मजुरी, एवढ्यासाठी गरीब माणूस उपचार सोडून देतो. तुमचे दान तिथे उपयोगी पडते.

आणखी एक विनंती. आपल्या तरुण संघातल्या मुलांना ती तीन बोटे तोंडात घालून पाहायला सांगा. जात नसतील, तर खर्रा आजच बंद आणि डॉक्टरांची भेट.

श्वास देवाचे दान आहे. त्याची वाट मोकळी राखणे ही आपली सेवा. प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.